जेआरडींचे जादा स्पार्क प्लग: छोटं विमान उडवणं आणि सांभाळणं म्हणजे नेमकं काय?

सेकंडहँड फोन घेताना आपण काय काय बघतो? स्क्रीनवर चरे आहेत का, बॅटरी हेल्थ किती, आयएमईआय नंबर जुळतो का, बिल आहे का, आतला डिस्प्ले कंपनीचा आहे की बाहेरचा टाकलेला. एवढं बघूनही फोन बिघडलाच तर फार तर दोन दिवस खोळंबा होतो. उल्हासनगरच्या एखाद्या दुकानात नेला की संध्याकाळपर्यंत मार्गी लागतो.

आता फोनच्या जागी विमान ठेवा. छोटं, एका इंजिनाचं, आधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेलं. तुम्ही ते घेऊन ३,००० फुटांवर आहात आणि इंजिन खोकायला लागलं. बाइकसारखं कडेला घेऊन थांबायची सोय नाही. अशा यंत्रावर जीव टाकण्याआधी माणूस काय शिकतो आणि काय तपासतो, हे समजून घ्यायचं तर जेआरडी टाटांचं आयुष्य उत्तम उदाहरण आहे.

जेआरडी म्हटलं की आपल्याला उद्योगपती आठवतात, एअर इंडिया आठवते, १९९२ ची भारतरत्न आठवते. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहणारा अंबरनाथचा. आमच्याकडे विमानाचा विषय निघाला की जुनी माणसं नेवाळीचं नाव काढतात. कल्याण-मलंग रस्त्यावर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली ती धावपट्टी. पण मला विमानांची खरी गोडी लागली ती जेआरडींच्या गोष्टीतल्या एका अगदी छोट्या वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे स्पार्क प्लग.

समुद्रकिनाऱ्यावर उतरणारं विमान

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभाई पारशी, आई सुझान फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो नावाचं गाव आहे. तिथे टाटांचं सुट्टीतलं घर होतं आणि जवळच लुई ब्लेरिओचंही घर होतं. हा तोच ब्लेरिओ, ज्याने २५ जुलै १९०९ ला विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडली. त्याची विमानं हार्देलोच्या वाळूवर उतरायची. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर असं रोज घडत असेल तर दुसरं काय होणार? पंधराव्या वर्षी जेआरडींनी तिथेच पैसे भरून विमानातून एक फेरी मारली आणि वैमानिक व्हायचं डोक्यात पक्कं बसलं.

त्यांना केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकायचं होतं. ते राहून गेलं. आधी फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागली. मग १९२५ मध्ये वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं आणि टाटांच्या कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून लावलं. १९२६ मध्ये वडील गेले. इंजिनिअरिंगची डिग्री काही मिळाली नाही. हातात डिग्री असलेला मी हे वाचतो तेव्हा मला एका गोष्टीचं नवल वाटतं. यंत्र समजून घ्यायची जी सवय कॉलेजात चार वर्षांत लागायला हवी, ती या माणसाला विमानाने लावली.

जुहूवर चार तासांच्या आत

१९२८ च्या सुमारास जुहूला विमानतळ झाला. विमानतळ म्हणजे समुद्रालगतची सपाट, चिखलाची जागा. बॉम्बे फ्लाइंग क्लब तिथे सुरू झाला आणि जेआरडी शिकायला गेले. शिकवणारा बरोबर असताना चार तासांपेक्षाही कमी उड्डाण झालं आणि त्यांना एकट्याने उडवायला सोडण्यात आलं. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला वैमानिक परवाना. त्यावर क्रमांक होता १.

आज भारतात खासगी वैमानिकाचा परवाना, म्हणजे पीपीएल, काढायचा तर किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. मग तेव्हा चार तासांत कसं जमलं? एक कारण म्हणजे त्यांचा हात चांगला होता. दुसरं कारण यंत्राचं. तेव्हाचं शिकाऊ विमान, डी हॅविलँड मॉथ, कमालीचं साधं होतं.

एक दांडा आणि पायाशी एक आडवा पट्टा, एवढ्यावर ते चालायचं. दांडा पुढे ढकलला की नाक खाली, मागे ओढला की वर. डावी-उजवीकडे कलवला की पंख त्या बाजूला कलतात. पायाच्या पट्ट्याने शेपटीवरचा सुकाणू वळतो. हात आणि पाय एकमेकांना धरून चालवायचे, नाहीतर विमान वळणात घसरतं. एवढं जमलं की हवेत राहणं जमलं. पण उतरणं वेगळं असतं. त्यात वेग, उंची आणि वारा या तिघांचा हिशोब एकाच वेळी जुळावा लागतो, म्हणून शिकाऊ माणूस सगळ्यात जास्त वेळ धावपट्टीभोवती घिरट्या घालत पुन्हा पुन्हा उतरण्यात घालवतो. ही पद्धत आजही तीच आहे.

कापड, लाकूड आणि आठ प्लग

आता यंत्राच्या आत डोकावू. जेआरडींनी स्वतःसाठी घेतलेली जिप्सी मॉथ म्हणजे दोन मजली पंखांचं, उघड्या कॉकपिटचं विमान. धड लाकडाचं आणि प्लायवूडचं. पंखांना लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. त्या कापडावर डोप नावाचं रसायन फासायचे. ते सुकताना आकसतं आणि कापड ढोलकीच्या पानासारखं ताणलं जातं. पंख घडी करून मागे वळवता यायचे, त्यामुळे विमान एखाद्या शेडमध्येही मावायचं.

म्हणजे सांभाळायचं काय? लाकडात ओल शिरली का, सांधे सुटलेत का, कापडाला भोक पडलंय का, दोन पंखांमधल्या ताराच्या ओढण्या सैल झाल्यात का, दांड्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या केबलचे धागे तुटलेत का. आपल्या कोकणपट्टीच्या पावसात लाकूड-कापडाचं यंत्र ठेवणं म्हणजे काय, हे बदलापूरला उल्हास नदीचा जुलै बघितलेल्याला वेगळं सांगायला नको.

इंजिन चार सिलिंडरचं, साधारण १०० अश्वशक्तीचं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकूण आठ. त्यांना ठिणगी देणारी मॅग्नेटो नावाची दोन स्वतंत्र यंत्रं. मॅग्नेटोमध्ये इंजिनाच्याच फिरण्याने चुंबक फिरतो आणि वीज तयार होते. बॅटरी लागत नाही. एक मॅग्नेटो मेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालू राहतं. सर्व्हरच्या दुनियेत आम्ही ज्याला रिडंडन्सी म्हणतो, ती इथे शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. उड्डाणाआधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. फेरे थोडेसे कमी झाले तर ठीक. फार घसरले किंवा इंजिन धडधडलं तर त्या बाजूच्या प्लगमध्ये किंवा मॅग्नेटोत गडबड आहे, आणि मग उडायचं नाही. आजच्या सेसनासारख्या छोट्या विमानातही ही तपासणी जवळपास अशीच करतात.

प्लगचं दुखणं आपल्या घरांतही ओळखीचं आहे. जुनी स्कूटर सकाळी चालू होत नसली की घरातला जाणता माणूस प्लग काढायचा, काजळी पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायचा आणि परत बसवायचा. जिप्सी मॉथच्या इंजिनाला तेच दुखणं होतं, फक्त आठ पटींनी. शिवाय सिलिंडरच्या आतला कार्बन वेळोवेळी खरवडावा लागे आणि व्हॉल्व्ह घासून पुन्हा नीट बसवावे लागत. लांबच्या प्रवासाला एकट्याने निघणाऱ्याला मेकॅनिक प्रत्येक थांब्यावर मिळेल याची खात्री नसे. म्हणून हत्यारं आणि सुटे भाग बरोबर घेणं हा तयारीचाच भाग होता.

अबूकीरचा थांबा

नोव्हेंबर १९२९ मध्ये आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी. तिघे मैदानात उतरले. मनमोहन सिंग, अवघ्या १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर आणि २५ वर्षांचे जेआरडी. मनमोहन सिंग आणि अस्पी इंग्लंडहून इकडे निघाले. जेआरडी ३ मे १९३० ला कराचीहून तिकडे निघाले.

वाटेत इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीर विमानतळावर जेआरडी उतरले, तर तिथे आणखी एक जिप्सी मॉथ उभी. ती अस्पीची होती. त्याचं इंजिन प्लगमुळे अडलं होतं आणि त्याच्याकडे जादा प्लग नव्हते. जेआरडींकडे होते. समोर प्रतिस्पर्धी, बक्षीस एकच, आणि आपण काहीही न करता नुसतं पुढे निघून गेलो तरी चालणार आहे, अशी ती वेळ. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला देऊन टाकले. त्या बदल्यात अस्पीने समुद्रावरून जाताना लागणारं आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं. दोघे आपापल्या दिशेला उडाले. अस्पी आधी पोचला आणि थोडक्या फरकाने बक्षीस घेऊन गेला. मनमोहन सिंग यांचा प्रवास अटींत बसला नाही.

ही गोष्ट नेहमी खिलाडूपणाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण मी ती वाचताना दुसऱ्या जागी अडकतो. तेच विमान, तेच इंजिन, तोच वाळूचा आणि उन्हाचा प्रवास. अडलेल्या विमानाला पुन्हा हवेत नेलं ते तळहातावर मावणाऱ्या सुट्या भागाने. तो बरोबर घ्यायला हवा हे कुणीतरी निघण्याआधी ठरवलेलं होतं. उदार व्हायलाही आधी सामान जवळ असावं लागतं. पुढे हा अस्पी इंजिनिअर १९६० मध्ये भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

त्याच आठवड्यात निघालेलं एक जुनं विमान

जेआरडी कराचीहून निघाले त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९३० ला, लंडनजवळच्या क्रॉयडनहून एक बाई एकटीच जिप्सी मॉथ घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाली. तिचं नाव एमी जॉन्सन. वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून काम करणारी. जेआरडींसारखा तिचा हात पटकन बसला नव्हता. एकटीने उडायला तिला जवळपास १६ तासांचं शिक्षण लागलं. पण तिने एक वेगळी गोष्ट केली. ती क्लबच्या हँगरमध्ये मेकॅनिकांबरोबर राबली आणि १९२९ संपता संपता ग्राउंड इंजिनिअरचा परवाना काढला. असा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश बाई.

तिचं विमान सेकंडहँड होतं. ६०० पौंडांना घेतलेलं, त्यातले निम्मे वडिलांनी घातलेले. जुनं विमान घेतल्यावर ते उघडून बघायची, इंजिन स्वतः समजून घ्यायची तिची तयारी होती. सहाव्या दिवशी ती कराचीला पोचली. पुढे ब्रह्मदेशात रंगूनजवळ उतरताना विमान खड्ड्यात गेलं, पंख फाटला, प्रोपेलर मोडला. जादा प्रोपेलर तिने विमानाच्या अंगाला बांधून आणला होता. पंखाचं कापड तिथल्या तंत्रशाळेतल्या लोकांनी मिळेल त्या कापडाने दुरुस्त करून दिलं. २४ मे ला ती डार्विनला उतरली.

एमीची गोष्ट इथे सांगायचं कारण असं, की जेआरडींकडे पैसा होता म्हणून त्यांना जमलं असं कुणाला वाटू शकतं. पैशाने विमान येतं हे खरंच. पण रंगूनला खड्ड्यात गेलेलं विमान पैशाने बाहेर येत नाही. त्यासाठी आधी हँगरमध्ये हात काळे केलेले असावे लागतात.

कराची ते जुहू, २५ किलो टपाल

इंग्लंडचं हवाई टपाल तेव्हा इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत यायचं. पुढे मुंबईला रेल्वेने. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या वैमानिकाने कल्पना मांडली की कराचीहून मुंबई आणि मद्रासपर्यंत टपाल आपण उडवत न्यावं. जेआरडींनी ती उचलून धरली, टाटांकडून सुमारे दोन लाख रुपये उभे राहिले आणि दोन पुस मॉथ विमानं घेतली गेली.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकटे निघाले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल. मध्ये अहमदाबादला थांबा. तिथे पेट्रोल बैलगाडीतून डब्यांमधून आलेलं. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. पुढचं टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेला. भारतातल्या नियमित हवाई सेवेची सुरुवात ही अशी झाली.

डब्यातलं पेट्रोल ही साधी गोष्ट नाही. डब्यात पाणी असू शकतं, गंज असू शकतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसतं आणि नेमकं तिथूनच इंजिनाकडे जाणारी नळी निघते. म्हणून त्या काळी पेट्रोल मऊ कातड्याच्या गाळणीतून ओतायची पद्धत होती. ते कातडं पेट्रोल जाऊ देतं, पाणी अडवतं. आजही छोट्या विमानाचा वैमानिक उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून बघतो. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी.

आणि रस्ता कसा सापडायचा? विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर, एवढ्यावर आपण कुठे आहोत हे ठरवायचं. यात खरी अडचण वाऱ्याची. समजा तुम्ही अहमदाबादहून ताशी १६० किलोमीटरने मुंबईला निघालात. अंतर साधारण ४४० किलोमीटर, म्हणजे पावणेतीन तास. वारा पश्चिमेकडून ताशी ३० किलोमीटरचा आणि तुम्ही तो हिशोबात धरलाच नाही. तर पावणेतीन तासांत तुम्ही ८० किलोमीटर पूर्वेला सरकता. जुहू राहिलं बाजूला, बदलापूरही मागे पडलं, तुम्ही भीमाशंकरच्या डोंगरावर. म्हणून वैमानिक खाली बघत राहायचा. किनारा, नदी, रेल्वेचे रूळ ओळखायचा आणि पुन्हा पुन्हा हिशोब दुरुस्त करायचा. आपल्या फोनमधला निळा ठिपका हे सगळं आपल्यासाठी सेकंदा-सेकंदाला करतो.

या मार्गाची आणखी एक गोष्ट आमच्या भागाला जवळची आहे. १५ वर्षांनी, १९४७ मध्ये, त्याच कराचीहून आणि सिंधमधून हजारो कुटुंबं सगळं मागे टाकून आली आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली. १९४९ मध्ये त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं. आज तिथे मोबाइल उघडून बसलेल्या दुकानदारांपैकी अनेकांच्या आजोबांचं गाव जेआरडींच्या त्या पहिल्या उड्डाणाच्या टोकाला होतं. हातात काही नसताना मोडलेलं दुरुस्त करून विकता येतं, हे त्या लोकांनी जगून दाखवलं.

मॉडेलमध्येच दोष असेल तर?

इथपर्यंत आपण ज्या बिघाडांबद्दल बोललो ते सगळे वापरातून होणारे. पण पुस मॉथची एक भयंकर गोष्ट आहे. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या मॉडेलची काही विमानं हवेतच मोडून पडली. माणसं मेली. वैमानिक चांगले होते, देखभाल नीट होती, तरीही. इंग्लंडमध्ये तपास झाला, पवनबोगद्यात चाचण्या झाल्या. खराब हवेत पंख थरथरायला लागतात आणि ती थरथर वाढत जाऊन पंखच निकामी होतो, असं निघालं. मग पंखाच्या आधाराच्या दांड्यांना जास्तीचा आधार देण्यासारखे बदल करून हे मॉडेल सुधारलं गेलं.

जेआरडी आणि व्हिन्सेंट ज्या काळात पुस मॉथ उडवत होते तो हाच काळ. म्हणजे त्यांच्या धाडसात न दिसणारा हा धोकाही होता. आज असा दोष सापडला की विमान वाहतुकीची नियामक संस्था त्या मॉडेलच्या सगळ्या मालकांना दुरुस्तीचा आदेश काढते. आपल्या फोनला सिक्युरिटी अपडेट येतं तसंच, फरक एवढाच की इथे तो नंतर करू म्हणून पुढे ढकलता येत नाही. आदेश पाळला नाही तर विमान उडवता येत नाही.

टाटांची सेवा मात्र टिकली. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जायची, तर तेवढ्यापुरतं काम पुण्याला हलवायचं. ऑफिस म्हणजे जुहूचं झावळ्यांचं छप्पर. माणसं मूठभर. तरीही टपाल वेळेवर पोचतं, हीच या सेवेची ओळख झाली. यामागे वैमानिकांइतकेच, रात्री विमान उघडून सकाळी तयार ठेवणारे मेकॅनिक होते. त्यांची नावं सहसा कुठे येत नाहीत.

मोठी विमानं, तीच नजर

पुढचं बरंच सगळ्यांना माहीत आहे. १९३८ मध्ये जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. व्हिन्सेंट १९४२ मध्ये युद्धकाळात विमानप्रवासातच गेला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला तिचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, तरी जेआरडी १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले.

या काळात ते आपल्याच विमानातून प्रवास करताना टिपणं काढायचे. खुर्ची नीट मागे जात नाही, पडदा मळलाय, चहाचा रंग बरोबर नाही, अशी. इतक्या मोठ्या माणसाने पडद्याकडे कशाला बघावं, असं वाटू शकतं. मला यात जुहूच्या शिकाऊ वैमानिकाची सवय दिसते. उड्डाणाआधी विमानाला एक चक्कर मारायची, प्रत्येक खिळा-केबल बघायची, आणि जे खटकलं ते लगेच लिहून ठेवायचं.

१९७८ च्या फेब्रुवारीत सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केलं. माणूस ७३ वर्षांचा. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण १५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या टपालाला ५० वर्षं झाली त्या दिवशी, ७८ व्या वर्षी ते पुन्हा कराचीहून एकटे निघाले आणि जुहूला उतरले. १९६२ मध्येही त्यांनी ही फेरी पुन्हा केली होती. १९८२ चं विमान होतं लेपर्ड मॉथ. हे मॉडेल १९३३ चं, प्लायवूडच्या धडाचं, १३० अश्वशक्तीचं. म्हणजे वैमानिक म्हातारा आणि विमानही जवळपास पन्नाशीचं.

एवढं जुनं यंत्र उडतं कसं? विमानाचं वय वर्षांत मोजून भागत नाही, ते तासांतही मोजतात. इंजिन किती तास चाललं, शेवटचं पूर्ण उघडून कधी बांधलं, कोणता भाग कधी बदलला, याच्या नोंदी असतात. कापड जुनं झालं की नवं चढवतात, लाकूड खराब झालं की तो तुकडा बदलतात, इंजिन ठरावीक तासांनी खोलून पुन्हा बांधतात. नीट ठेवलेलं पन्नास वर्षांचं विमान, हेळसांड झालेल्या पाच वर्षांच्या विमानापेक्षा जास्त भरवशाचं असू शकतं. जेआरडी २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात वारले.

आज कुणी जुनं छोटं विमान घेतलं तर

तुमच्यापैकी कुणी उद्या बारामतीला किंवा धुळ्याला उडायला शिकायला जाईल. पुढे कधी चार मित्रांत मिळून जुनी सेसना घ्यायचा विचारही करेल. तर रंगाकडे आणि सीटकव्हरकडे शेवटी बघा. आधी लॉगबुक मागा. विमानाचं वेगळं, इंजिनाचं वेगळं. सेसनासारख्या विमानांत असणारं लायकमिंगचं ओ-३२० इंजिन साधारण २,००० तासांनी पूर्ण उघडून बांधावं, असं कंपनी सांगते. विकणाऱ्या विमानाचे १,९०० तास झाले असतील तर स्वस्त किमतीत पुढचा मोठा खर्च लपलेला आहे. विमान कधी आपटलंय का, मॉडेलसाठी निघालेले सगळे दुरुस्ती-आदेश पाळलेत का, सिलिंडरमध्ये दाब टिकतो का, किनाऱ्याजवळ राहून धातूला गंज धरलाय का, हे त्यानंतर. आणि हे सगळं तपासायला परवानाधारक इंजिनिअर बरोबर न्या. मालक झालो म्हणून विमानाची हवी ती दुरुस्ती आपल्या हाताने करायची मुभा कायदा देत नाही.

लॉगबुकमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदीखाली सही असते. प्लग साफ केले, सही. केबल बदलली, सही. सही करणारा सांगत असतो की हे मी बघितलंय, यावर बसून कुणीतरी वर जाणार आहे हे मला माहीत आहे. आम्ही कोड लिहिणारेही प्रत्येक बदलाखाली आपलं नाव सोडतो. पण आमच्या नावाखालून कुणी ३,००० फुटांवर जात नाही. जुनं विमान घेताना लॉगबुक शेवटच्या पानापासून मागे वाचत जा आणि एकही सही गायब असेल तर तिथेच थांबून विचारा, हे काम केलं कुणी?